शाई आणि टीपकागद

४ फेब्रुवारी, बुधवार

बोगद्याच्या कामावरून परत येऊन आज अकरा दिवस झाले. साइटवर रोज संध्याकाळी नोंद लिहायची सवय होती, ती सुटेना, म्हणून ही वही.

घरात सगळं ठीक आहे. सासूबाईंचा गुडघा ठीक आहे. नवरा दिवसभर खिडकीशी बसून छापखान्याची मुद्रितं तपासतो, तोही ठीक आहे. लेक तर इतकी शहाणी झालीय की विचारायची सोय नाही. चौदा महिन्यांपूर्वी मी निघाले तेव्हा ही खारू माझ्या बॅगेवर बसून राहिली होती, उठायला तयार नव्हती. (शाळेतलं नाव वेगळं आहे. खारीसारख्या वस्तू दडवून ठेवते म्हणून घरात खारू.) आता दहा वर्षांची आहे. दप्तर स्वतः भरते, हट्ट नाही, मागणं नाही. "दूध देऊ का?" "चालेल." "बाहेर चक्कर मारू या?" "चालेल." मधल्या काळात मी दोनदाच येऊन गेले, तेही चार-चार दिवस. सुट्ट्या साठवून काम लवकर उरकायचं आणि एकदाच काय ते घरी यायचं, असा माझा हिशेब होता. पोरीनं किती समजून घेतलं! नवऱ्याला तसं म्हटलं, तर तो "हं" म्हणाला आणि कागदावर कुठलीशी वेलांटी दुरुस्त करत बसला.

बिनसलंय ते फक्त सशांचं.

काळी मादी शाई, पांढरा नर टीप. नावं अर्थात नवऱ्यानं ठेवलेली. पांढरा काळीला सारखा चिकटलेला असायचा, म्हणून टीपकागद, त्याचं झालं टीप. तीन वर्षं एका ताटलीत खाल्लं, एकमेकांच्या अंगावर झोपले. डिसेंबरात शाईच्या जबड्यात गळू झालं. ऑपरेशन करावं लागलं, आठवडाभर ती दवाखान्यात होती. परत आली तर अंगाला औषधांचा वास. टीपनं ओळखलंच नाही. असा तुटून पडला की तिचा कान फाटला. तेव्हापासून पाच आठवडे शाई सासूबाईंच्या खोलीत आणि टीप हॉलमध्ये. तिची जखम भरलीय, पण दोघांना समोरासमोर आणायची कुणाची छाती होत नाही.

काल नणंद येऊन गेली. म्हणाली, "नसेल जमत तर टीपला मी नेते. माझ्याकडे जागा आहे. दोन खोल्यांत दोन पिंजरे किती दिवस सांभाळणार?" खारू म्हणाली, "चालेल." मग न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली.

मी ठरवलंय. डोंगराच्या दोन्ही अंगांनी खणत आणलेला बोगदा मी मधोमध अकरा मिलिमीटरच्या फरकानं जुळवून आलेय. दोन सशांना असा कितीसा वेळ लागणार? एक आठवडा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खारू शाळेत असताना उरकून टाकू, आली की एकदम दाखवू, असा बेत केला. हॉलमधल्या खुर्च्या बाजूला केल्या, शाईला आणून टीपसमोर ठेवलं.

चाळीस सेकंद. टीपनं पाय आपटला, मग दोघं एकमेकांच्या मागे असे गोल फिरायला लागले की कोण कुणाला धरतंय ते कळेना. मी मध्ये हात घातला. मनगटावर तीन ओरखडे आहेत, एक खोल. हॉलभर केस, काळे आणि पांढरे.

केर काढायच्या आतच खारू आली. दारातच उभी राहिली. मग दप्तर ठेवून एकेक पुंजका वेचायला लागली. मी म्हटलं, "अगं, मला वाटलं तुला आवडेल." ती म्हणाली, "तू नको करूस ना काही." आवाज अगदी शांत. रागावलीसुद्धा नाही. नशीब.

७ फेब्रुवारी, शनिवार

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई साठीच्या, बोलणं मोजकं. शाईचा जबडा दाबून पाहिला, "झकास" म्हणाल्या. माझं मनगट पाहून नुसत्या हसल्या.

खारू त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलत होती. माझ्याशी दोन आठवड्यांत एवढं बोललेली नाही. सशांचं फार वेड आहे तिला.

मी वही काढली आणि विचारलं, "नक्की चुकतंय कुठं? तीन वर्षांची ओळख आहे त्यांची."

"ओळख होती," बाई म्हणाल्या. "परत येणाऱ्याला वाटतं, सोडलं होतं तिथूनच पुढे सुरू होईल. जो मागे राहिला त्याचं तसं नसतं. त्याच्या लेखी ती एके दिवशी गेली. का गेली, कुठं गेली, त्याला कुणी सांगितलं? आता ही नवीनच कुणीतरी आहे आणि वर त्याच्या घरात शिरतेय."

मी लिहून घेतलं. शेजारी शेजारी दोन कुंपणं, मध्ये फट. एकाची पथारी रोज दुसऱ्याला द्यायची. मग अशी जागा शोधायची जिथं दोघांपैकी कुणाचाच हक्क नाही, आणि तिथं रोज थोडा थोडा वेळ भेट.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"ते तुम्ही नाही ठरवायचं."

मुदत नसलेलं काम मी आजवर हातात घेतलेलं नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

हॉलमध्ये जाळीची दोन कुंपणं उभी केली. मध्ये बारा सेंटिमीटर फट, म्हणजे नाक पोचेल असं वाटतं पण पोचत नाही. टेपचं दुसरं टोक खारूनं धरलं. "शून्यावर धर हं," म्हटलं, तर म्हणाली, "माहितेय." पक्कं धरते. सासूबाईंनी आपल्या खोलीतली पथारी टीपकडे टाकली. त्यानं ती हुंगली, तिच्यावर लघवी केली आणि आमच्याकडे पाठ करून बसला.

"वा, पत्राचं उत्तर आलं," नवरा खिडकीतून म्हणाला. खारू हसली. मीही हसले. मग ती एकदम उठून टेप गुंडाळायला लागली.

११ फेब्रुवारी, बुधवार

फट सात सेंटिमीटरवर आणली. दोघं जाळीला लागून खातात, पण टीप मधूनच मान वर करून फुत्कारतो.

मोठ्या साहेबांचा फोन आला. पुढचा बोगदा मंजूर झालाय, नऊ महिन्यांचं काम. "तुमच्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांसमोर येत नाही. तेवीस तारखेपर्यंत कळवा." ऐकून छाती इंचभर फुगली, खोटं कशाला बोलू? घरात अजून सांगितलं नाही. आधी सशांचं मार्गी लागू दे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

जागा मिळाली. गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याचा शेवटचा चौक. एक मीटर नव्वद बाय दोन मीटर तीस. ससे तिथं कधी गेलेले नाहीत. खाली गोणपाट अंथरलं, पाय घसरू नये म्हणून. वरच्या पायरीवर खारू, खालच्या पायरीवर मी, हातात केराचं सुपडं. भांडण जुंपलं तर मध्ये घालायला.

मी कोथिंबिरीची ही मोठी जुडी नेली होती. शाईला ठेवल्याबरोबर तिच्या पुढ्यात टाकली. ती दचकून कोपऱ्यात जाऊन चिकटली.

"आल्या आल्या खाऊ नाही द्यायचा," खारू म्हणाली. "त्यांना वाटतं, खाऊ आला म्हणजे आता काहीतरी होणार. आधी नुसतं बसायचं."

"नुसतं?"

"हो. काही करायचं नाही. बोलायचंपण नाही सारखं."

ससे हे विचित्रच प्रकरण आहे. चार मिनिटं नुसती बसले. मला ती चार तासांसारखी वाटली. साइटवर माझ्या हातात सतत काहीतरी असतं. टीपनं एकदा पाठलाग केला, मी लगेच सुपडं घातलं. खारूनं माझ्याकडे पाहिलं. घाई झाली म्हणे.

१५ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस वाईट. सगळंच लिहिते.

सकाळच्या भेटीत टीपनं शाईच्या पाठीचा चावा घेतला. रक्त आलं नाही, पण ती जी दबकून बसली ती दुपारपर्यंत काही खाईना. ससा खायचा थांबला की दिवसभरात जीव जाऊ शकतो, बाईंनी बजावून सांगितलं होतं. मी त्यांना फोन लावायला स्वयंपाकघरात गेले, तेवढ्यात साहेबांचाच फोन आला. मी म्हटलं, "येते असंच धरा, फक्त इथलं एक काम उरकू दे." वळून पाहते तर दारात खारू.

"जा ना मग!" असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "जायचंच आहे तर यांना कशाला एकत्र करतेस? एकत्र करायचं आणि मग जायचं! त्यापेक्षा टीपला आत्या नेऊ दे! त्याला सवय झालीय आता एकटं राहायची, कशाला मोडतेस?"

हातातला टेप तिनं भिंतीवर फेकला आणि खोलीचं दार आपटलं.

मी उभीच राहिले. इतकी समजूतदार पोर, तिला झालं तरी काय? शाईच्या काळजीनं घाबरली असणार. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, कारण नक्की कळलं नाही.

सासूबाई ओट्याशी होत्या. म्हणाल्या, "बरं झालं."

"काय बरं झालं, आई?"

"चौदा महिन्यांत पहिल्यांदा ओरडली. मला वाटलं होतं विसरलीच." मग माझ्या हातात शाईचं औषध देत म्हणाल्या, "तू आपली ससे बघ."

१६ फेब्रुवारी, सोमवार

शाई वाचली. काल बाईंनी दाखवलं तसं भिजवलेलं गवताचं पीठ पिचकारीनं तोंडाच्या कडेनं घालत राहिलो. खारूनं तिला टॉवेलात गुंडाळून धरलं, मी पिचकारी चालवली. दोन तासांत आम्ही एकमेकींशी बोललो ते एवढंच: "हळू." "हं." "अजून थोडं." पण तिचे हात अजिबात हलले नाहीत. आज सकाळी शाईनं स्वतःहून पानं खाल्ली. तो कुरकुर आवाज ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसले.

बाईंना विचारलं, "आता सोडून द्यावं का?"

त्या म्हणाल्या, "भांडणानं बिघडत नाही. भांडणानंतर कुणी आलंच नाही, तर बिघडतं. उद्या पुन्हा त्याच वेळी, त्याच जागी. त्यांना तेवढंच कळतं, की हे रोज येतं."

खारूच्या बंद दाराशी जाऊन म्हटलं, "मी रोज पाच वाजता चौकात असेन, आजपासून. आज टीपला एकट्याला घेऊन बसते. तुला वाटलं तर ये."

ती आली. पाच वाजून बावीस मिनिटांनी. वरच्या पायरीवर बसली, भिंतीकडे तोंड करून.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

शाईला आज नेलं. भेट सहा मिनिटं. टीप लांब, पाठलाग नाही. खारू पाच वाजून पाच मिनिटांनी.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भेट अकरा मिनिटं. मी वर पोचले तेव्हा खारू आधीच बसलेली. गोणपाट अंथरून ठेवलं होतं.

मध्येच तिनं विचारलं, "बोगद्यात आत अंधार असतो?" मी सांगायला लागले. दिव्यांची रांग, गळणारं पाणी, दोन्हीकडची माणसं भेटायच्या आधी खडकातून पलीकडची ठोकाठोक ऐकू येते ते. ती म्हणाली, "मला वाटायचं तिथं फोन लागत नसेल." मी म्हटलं, "लागायचा. रात्री थकून जायचे, उद्या करू म्हणायचे." आपण किती सहज 'उद्या' म्हणायचो, त्याचं वाईट वाटलं. हे आज पहिल्यांदा लिहितेय.

२१ फेब्रुवारी, शनिवार

पंचवीस मिनिटं. टीप शाईपासून हातभर अंतरावर आडवा झाला, तिच्याकडे पाठ करून. माझा धीर सुटला. "बघ, तोंडसुद्धा बघायचं नाही त्याला."

"तसं नाही गं," खारू म्हणाली. "भीती वाटते तेव्हा डोळे रोखून बसतात. पाठ केली म्हणजे भरवसा. ती मागून चावणार नाही असं वाटतं त्याला."

हे सांगताना ती माझ्या पायरीवर कधी उतरली ते मला कळलं नाही. टेप जवळ नव्हता, पण अंतर वीतभर असेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

झालं! झालं! झालं!

नीट लिहिते. पाच वाजता भेट सुरू. दहा मिनिटं काही नाही. टीप अंग चाटत होता, शाई गोणपाटाचा धागा ओढत होती. मग शाई उठली, सरळ त्याच्यापर्यंत गेली आणि आपलं डोकं त्याच्या हनुवटीखाली खुपसलं. मान जमिनीला टेकवून. खारूनं माझा दंड पकडला. सुपडं माझ्या हातात होतं, जवळजवळ उचललं होतं.

"नको," ती पुटपुटली. "ती मागतेय. मागू दे."

टीप दगडासारखा. मी आकडे मोजले, सदतीसपर्यंत. त्याचे कान मागे गेले, पुढे आले. शाईनं वाट पाहिली आणि मग त्याला एक ढुशी दिली. अगदी हक्कानं, 'अरे, किती वेळ?' अशी.

आणि त्यानं जीभ काढून तिच्या कपाळावर फिरवली. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग डोळे, मग तो फाटलेला कान. थांबेचना. शाईनं डोळे मिटून घेतले आणि धप्पकन कुशीवर पडली. मेल्यासारखी पडतात ते, पूर्ण सुखात असले की.

ओरडायची सोय नव्हती. खारूनं आपलं तोंड माझ्या खांद्यात दाबून किंकाळी मारली. ती गरम किंकाळी माझ्या सदऱ्यातून आत गेली. खाली पाहते तर जिन्यात नवरा, हातात मुद्रितांचा गठ्ठा तसाच, आणि त्याच्या मागे सासूबाई. गुडघा दुखतो म्हणून वर्षभर जिना न चढलेल्या सासूबाई! दोन्ही हातांनी, आवाज न करता टाळ्या वाजवत होत्या. नवरा डोळे पुसून म्हणाला, "एकही चूक नाही. छापायला हरकत नाही."

आम्ही चौघं पाऊण तास तिथं बसलो. बोगदा आरपार झाला त्या दिवशी दोनशे माणसं नाचली होती, ढोल होता, हार होते. त्या दिवशी मला एवढं झालं नव्हतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना फोन करायच्या आधी खारूला समोर बसवलं. आजवर मी ठरवायचे, मग सांगायचे. आज विचारलं.

"काम नऊ महिन्यांचं आहे. मला ते आवडतं. पण गेल्या वेळेसारखं मी जाणार नाही. रस्ता पाच तासांचा आहे. दर शुक्रवारी घरी, सोमवारी पहाटे परत. असं चालेल का?"

"दर शुक्रवारी?"

"दर."

"किती वाजता?"

"सात."

"सहा."

"अगं, पाच तास लागतात! साडेसहा."

"सव्वासहा. आणि रोज फोन. थकलीस तरी."

"थकले तरी."

"आणि नाही आलीस तर मी ओरडणार."

"ओरड," मी म्हटलं. "जोरात ओरड."

ती हात पुढे करून उभी राहिली, ठेकेदारासारखी. मी हात मिळवला.

साहेब हसले. "आठवड्याला तीन दिवस सर्व्हेयर नाही? असं कुठं असतं का, बाई?" मी म्हटलं, "नसेल तर दुसरा बघा, मी नावं सुचवते." एका तासानं त्यांचाच फोन. "या. सव्वासहाचं काय ते तुमच्या अटीत लिहून टाकतो."

खारूला सांगितलं तर तिनं जिन्यातून खालपर्यंत धूम ठोकली. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांना आधी सशांची बातमी दिली, मग माझी. की उलट, ते काका नीट सांगू शकले नाहीत.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मंगळवारपासून दोघं हॉलमध्ये एकाच कुंपणात होते, दोन दिवस आणि दोन रात्री आमची पाळीपाळीनं नजर. एक चावा नाही, एक फुत्कार नाही. आज दुपारी कुंपणाची जाळी खारूनं स्वतः सोडवली आणि गुंडाळून माळ्यावर टाकायला माझ्याकडे दिली. नणंदेला फोनही तिनंच केला. "आत्या, टीप कुठंही जात नाहीये. तू बघायला ये." फोन ठेवून माझ्याकडे वळली. "आणि तिला म्हणावं, येताना पाला आण. मला नवीन चपला हव्यात. आणि तो डबा शाळेत नाही नेणार मी, झाकण लागत नाही त्याचं." सासूबाई मला म्हणाल्या, "घे आता." नवऱ्यानं खिडकीतून पाहिलं आणि या वेळी "हं" असंही म्हणाला नाही, नुसता हसला.

आता चार वाजलेत. शाई आणि टीप खिडकीखालच्या उन्हात आहेत. काळं कुठं संपतं आणि पांढरं कुठं सुरू होतं, ते इथून सांगता येत नाही. मी जमिनीवर भिंतीला टेकून बसलेय, वही डाव्या गुडघ्यावर. उजव्या मांडीवर खारू झोपलीय. चपलांबद्दल बोलता बोलताच झोपली, तोंड उघडं टाकून.

पाय केव्हाचा बधिर झालाय. मुंग्या कमरेपर्यंत पोचल्यात. नवऱ्यानं खुणेनं विचारलं, उशी आणू का? मी मान हलवून नको म्हटलं.